नखाएवढा त्रिकोण

मनचित्रकाची पट्टी डोक्याला नीट बसायची तर केसांना तेलाचा थेंबही चालत नाही, हे पाटणकर बाईंनी फोनवर तीनदा बजावलं होतं. म्हणून सोमवारी सकाळी सकाळी केतकीचं न्हाणं निघालं. "कालच तर न्हाले की!" म्हणत अकरा वर्षांच्या त्या पोरीनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिच्या वडलांनी, संग्रामनं, पुढच्या कारखान्यातून पॉलिशचे हात तसेच धरून ओरडून सांगितलं, "आजच्या दिवस ऐक गं माझे आई. मग महिनाभर पारोशी फिर, कोण विचारणार नाही तुला!"

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत संग्रामचं घर होतं. पुढं कारखाना, मागं बिऱ्हाड. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, आणि तिच्या छताला टांगलेले पन्नासेक सुके भोपळे. केतकी तिसरीत असताना वर्गात बोलेनाशी झाली. वर्षभर वाट बघून तिला घरी आणली, तर महिन्याभरात पुन्हा चुरुचुरु बोलायला लागली. तेव्हापासून तिची घरशाळा इथंच, भोपळ्यांच्या खाली. वाचनात पुढं, विज्ञानात पुढं. भूमितीत मात्र पार आनंद.

दोनदा पायरी-चाचणी दिली आणि दोनदा आपटली. भूमितीची पायरी चढल्याशिवाय बीजगणिताच्या तयारीचा वर्ग मिळत नसे. आणि तिसऱ्यांदा नापास झालं की घरशाळेची परवानगीच रद्द. मग नव्वद किलोमीटरवरची निवासी शाळा, एकेका वर्गात साठ पोरं. केतकीची आई अनघा हॉस्पिटलात परिचारिका होती, रोज दहा माणसांना धीर द्यायची, पण हा विषय निघाला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. पोरगी तिथं पुन्हा मुकी होईल, याची दोघांनाही खात्रीच होती.

पाटणकर बाई म्हणजे घरशाळेच्या मुलांना तपासायला गावोगाव फिरणाऱ्या शिक्षिका. त्या दहाच्या ठोक्याला आल्या, चहाला नको म्हणाल्या, आणि दोन कप प्यायल्या. मग पिशवीतून त्यांनी एक कापडी पट्टी आणि सुपारीच्या डब्यापेक्षा थोडी मोठी डबी काढली.

"घाबरायचं काही नाही," पट्टी केतकीच्या कपाळावर बांधत त्या म्हणाल्या. "आपण एखादा आकार डोळ्यांपुढं आणतो ना, तेव्हा मेंदूत बारीक विजेचे तरंग उठतात. ही पट्टी ते टिपते, आणि या डबीतला दिवा तोच आकार हवेत काढून दाखवतो. म्हणजे तू कुठं अडतेस ते मला बघता येईल. कागदावर नव्हे, तुझ्या डोक्यात."

"दुखतं?"

"छे गं. आता डोळे मीट, आणि एक त्रिकोण आण डोळ्यांपुढं."

डबी गुणगुणली. खोलीच्या मध्यावर, संग्रामच्या छातीच्या उंचीवर, हिरवट उजेडाच्या तीन रेघा उमटल्या. त्रिकोण होता खरा, पण पोट आलेला. तिन्ही बाजू बाहेर फुगलेल्या. खाली आकडा उमटला: तिन्ही कोन मिळून दोनशे तीस अंश.

"हं," बाई म्हणाल्या. "आता मोठा कर बघू. जेवढा होईल तेवढा."

आणि मग जे झालं ते संग्राम जन्मात विसरणार नव्हता. रेघा निघाल्या. भिंतीपर्यंत गेल्या, टांगलेल्या भोपळ्यांमधून वर चढल्या, एक तर त्याच्या डोक्यावरून गेली तेव्हा तो चक्क खाली वाकला. जमिनीवरून शेजारी शेजारी निघालेल्या दोन रेघा, जराही इकडं तिकडं न झुकता, छताजवळ जाऊन एकमेकींना भेटल्या. सगळी खोलीच कुणीतरी आतून फुगवल्यासारखी दिसत होती. एकही रेघ चुकलेली नव्हती, एकही थरथरत नव्हती. त्या सगळ्याच्या मधोमध त्याची पोरगी डोळे मिटून, मांडी घालून बसली होती, ओल्या केसांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. संग्रामच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं सगळं हिच्या डोक्यात आहे, आणि आपण हिला ढ म्हणत होतो!

मग बाईंनी हळूच विचारलं, "केतकी, सरळ रेघ म्हणजे काय?"

"दोरा ताणून धरला की उमटते ती."

"कशावर ताणून धरला की?"

"भोपळ्यावर," केतकी म्हणाली. हे काय विचारणं झालं, असा तिचा सूर होता.

संग्रामनं टांगलेल्या भोपळ्यांकडं पाहिलं. भोपळ्यावर नक्षीची जागा आखायची तर फूटपट्टी चालत नाही. गेरूत भिजवलेला दोरा दोन टोकांना धरून घट्ट ताणायचा, की तांबडी सरळ रेघ उमटते. पोरगी चार वर्षांची असताना त्यानंच तिच्या हातात दोऱ्याचं एक टोक दिलं होतं. कागदावर पहिली रेघ ओढायच्या आधी तिनं भोपळ्यावर शेकडो ओढल्या होत्या. घोटाळा झाला होता तो इथं, आणि केला होता त्यानं.

"हिच्या मनातला कागद सपाट नाही," बाई म्हणाल्या. "गोल आहे. पुस्तक सपाट कागदावरचं बोलतं, ही गोलावरचं उत्तर देते. बिचारी दरवेळी चूक ठरते." त्यांनी डबीच्या बाजूची एक कळ दाखवली. "यावर उपाय आहे. याला वळण म्हणतात. सात बैठका. मनात गोल आकार आला की पट्टी त्याला हलकेच सपाटीकडं ढकलते. आठवड्यात पोरगी पास होईल."

"आणि हे?" संग्रामनं हवेतल्या रेघांकडं हात केला.

बाईंनी पट्टी सोडली. रेघा विझल्या. "खोटं कशाला सांगू? बहुतेक मुलांना आधीचं चित्र पुन्हा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मी शनिवारी येते. संमतीपत्रावर सही केलीत तर वळण सुरू करू. नसेल करायची तर त्याच दिवशी शेवटची चाचणी घेईन. विचार करा."

त्या आठवड्यात घरात दुसरा विषयच नव्हता. अनघाचं मत पक्कं होतं. "अहो, रेघा दिसल्या नाहीत म्हणून कुणी मरत नाही," ती म्हणाली. "पोरगी परत मुकी झाली तर मी मरीन. सही करा." तिचं चूक होतं असं संग्रामला म्हणवेना. त्यानं आपल्या परीनं खटपट केली. केतकीला समोर बसवून प्रश्न घातला: एक कोन साठ, एक सत्तर, तिसरा क्ष, तर क्ष किती?

"एकूण किती भरतात ते कुठं सांगितलंय?" केतकी म्हणाली.

"एकशे ऐंशी. कायम एकशे ऐंशी. लिही आणि मोकळी हो!"

"पण नाही भरत, पप्पा. खोटं लिहू?"

त्याचा पारा चढला. "चल, दाखव मला!" तिनं दाखवलं. एक भोपळा घेतला, देठापासून दोन दोरे काटकोनात खाली आणले, पोटाच्या घेराला तिसरा दोरा ताणला. वाकेल असं कागदाचं कोनमापक तिनं स्वतःच कापून केलं होतं. एक कोन नव्वद. दुसरा नव्वद. तिसराही नव्वद. संग्रामनं स्वतः तीनदा मोजलं. दोनशे सत्तर. वीस वर्षं तो भोपळ्यांवर रेघा ओढत होता, आणि हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता रागवायचं तरी कुणावर!

शनिवार उजाडला. अनघानं रजा टाकली होती. संमतीपत्र टेबलावर, त्यावर पेन. पाटणकर बाई साडेतीनला यायच्या होत्या, आणि तीन वाजले तरी संग्राम एका तंबोऱ्यावर नक्षी बसवत होता. हात कामात असले की त्याचं डोकं चालायचं. पांढऱ्या सेल्युलॉइडच्या पातळ पत्र्यातून तो पानं कापत होता, आणि केतकी ती डिंकानं चिकटवत होती. तेवढ्यात तिनं एक पान परत दिलं.

"हे नाही बसत. मोठं कापलंय तुम्ही."

"मोठं आहे तर काय झालं?"

"कडा उचलल्या जातात की. सपाट पत्रा गोलावर कसा बसेल? बारीक पाहिजे. नखाएवढं." असं म्हणून तिनं कात्रीनं पानाचे चार तुकडे केले, आणि चारही तुकडे भोपळ्याच्या पोटावर गपकन बसले.

संग्रामचा हात जागच्या जागी थांबला.

"केतकी," तो म्हणाला. "नखाएवढा तुकडा कसा काय बसला गं? भोपळा तर तोच आहे. तेवढाच गोल."

"बारीक असला की त्याला कळतच नाही, भोपळा..." ती बोलता बोलता थांबली. कात्री खाली ठेवली. मग गेरूचा दोरा घेतला.

बाई आल्या तेव्हा बापलेक जमिनीवर पालथे पडले होते, आणि अनघा त्यांच्या शेजारी बसून वहीत आकडे उतरवत होती. मोठा त्रिकोण, दोनशे सत्तर. त्याच्यापेक्षा लहान, दोनशे चौदा. आणखी लहान, एकशे एकोणनव्वद. मग एकशे ब्याऐंशी. नखाएवढा काढला तेव्हा कोनमापक पुरेना, भिंग आणावं लागलं. अनघानं आकडा लिहिला आणि पेन हातातून सोडलं. एकशे ऐंशी.

"बाई, पट्टी बांधा!" केतकी ओरडली. "लवकर बांधा! मी आज न्हालेय!"

पट्टी बांधली. खोलीभर पुन्हा त्या प्रचंड रेघा उभ्या राहिल्या. आणि मग त्यांतला एक त्रिकोण आकसायला लागला. त्याचं पोट हळूहळू आत गेलं, बाजू ताठ झाल्या, आणि शेवटी संग्रामच्या नाकासमोर पुस्तकात असतो तसा एक सरळसोट, इवला त्रिकोण चमकत राहिला. गंमत म्हणजे मोठा गोल कुठंच गेला नव्हता. दोन्ही एकदमच होते, एकात एक. अनघानं तोंडावर हात धरला. पाटणकर बाईंचं बोट वळणाच्या कळेवर होतं, ते त्यांनी उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

"चौदा वर्षं ही डबी घेऊन फिरतेय," त्या म्हणाल्या. "असं मी कधी पाहिलं नाही."

संमतीपत्रावर सही झाली नाही. बाईंनी तिथंच चाचणी घेतली, शेवटची. वीस प्रश्न. केतकी जीभ बाहेर काढून लिहीत होती, आणि आईबाप स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांचा हात धरून उभे होते. तिनं कागद दिला तेव्हा संग्रामला तो वाचायचा धीर होईना. बाईंनी एकेक उत्तर तपासलं. सातव्या प्रश्नाशी त्या थबकल्या. तिथं तोच साठ-सत्तरचा प्रश्न होता, क्षची किंमत बरोबर पन्नास लिहिली होती, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: त्रिकोण नखाएवढा आहे असं धरून.

"हे असं लिहिलं तर चालतं का हो?" अनघानं घाबरत विचारलं.

"चालतं का!" बाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. "अहो, हे सगळ्याच पुस्तकांत लिहायला हवं होतं. पास आहे पोरगी. वीसपैकी वीस."

अनघा तिथंच फरशीवर बसली आणि घळाघळा रडली. संग्रामनं कशाला रडतेस म्हणायला तोंड उघडलं, आणि स्वतःच नाक ओढायला लागला. केतकीला त्याचं काही नव्हतं. ती पट्टी बांधून तशीच बसली होती, आणि तिच्या डोक्यावर तो इवला त्रिकोण हळूहळू पुन्हा मोठा होत होता.

"बाई," ती म्हणाली, "आत्तापर्यंत माणसांनी सगळ्यात मोठा त्रिकोण केवढा मोजलाय?"

"खूप मोठा. आकाशात. अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेल्या उजेडाच्या रेघा धरून मोजलाय."

"मग किती भरला?"

"एकशे ऐंशीच म्हणायचा. मोजण्यात थोडी चूकभूल असते, तेवढी सोड. आपल्याला जेवढं विश्व दिसतं, तेवढ्यात तरी ते सपाटच आहे."

केतकीनं मान वर केली. हिरवट रेघा आता भिंतींपाशी पोचल्या होत्या, आणि अजून त्यांना जराही बाक आला नव्हता. दारातून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं, छताला टांगलेले भोपळे त्यात तांबूस दिसत होते. पोरीनं नखाएवढ्या पत्र्याचा एक तुकडा तळहातावर घेतला, त्याच्याकडं बघितलं, आणि मग बापाकडं बघितलं.

"जेवढं दिसतं तेवढं नखाएवढंच असेल, तर भोपळा केवढा असेल, पप्पा?"