कारंज्याजवळची पानं

नवऱ्यानं तिला पहिल्यांदा "बाई, तुमचे यजमान कधी येतील?" असं विचारलं, तेव्हा ती त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. "येतीलच इतक्यात," ती म्हणाली आणि राहिलेलं बटण लावून टाकलं. रडत बसण्याचा तिचा पिंड नव्हता. चौतीस वर्षं तिनं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं होतं. डोळ्यांना दिसेल आणि कागदावर उतरेल तेवढंच खरं, असा तिचा खाक्या.

तो शिंपी. नुसत्या नजरेनं माणसाचं माप घेणारा. पण गेल्या दोन वर्षांत त्याची आठवण उसवलेल्या शिवणीसारखी टाका टाका निघत गेली होती.

लेक दूरच्या शहरात राहायची. तिनं मागच्या अंगणासाठी एक कारंजं पाठवलं. विटकरी रंगाच्या तीन थाळ्या एकावर एक, खाली छोटं कुंड, कुंडात मुठीएवढा विजेचा पंप. "पाण्याच्या आवाजानं बाबांना बरं वाटेल," असं तिचं म्हणणं. त्याच्याभोवती आईनं वासाची रोपं लावली. रोझमेरी, थाइम, बेसिल जमिनीत. पुदिना मात्र कुंडीतच, कारण मोकळी जागा मिळाली की तो फुकट्या पाहुण्यासारखा हातपाय पसरतो. रोज दहाच्या सुमारास दोघं तिथल्या बाकावर बसू लागली.

एका सकाळी तिनं रोझमेरीची काडी चुरडून सहज त्याच्या नाकाशी धरली. त्यानं डोळे मिटले.

"अगं, तो निळा कोट," तो म्हणाला. "डावी बाही अर्ध्या इंचानं आखूड झाली होती. तू हसली होतीस."

किती महिन्यांनी त्यानं तिला "अगं" म्हटलं होतं. कोट खरा होता, हसणंही खरं होतं. तिनं पदराला हात पुसले आणि पुन्हा एक काडी तोडली.

मग तिनं वही केली. थाइम चुरडलं की लेकीचं लहानपण. बेसिल चुरडलं की दुकानातले दिवस. तीच पानं स्वयंपाकघरात नेऊन दिली तर काही नाही. पंप बंद करून दिली तरी काही नाही. पाणी पडत असेल तरच, आणि तेवढा वेळच, तिचा नवरा तिचा असायचा. कारण सापडेना. पण उपाशी माणसानं भाकरी कुणी भाजली हे विचारू नये, असं म्हणून तिनं कारणाचा रकाना कोरा ठेवला.

पुदिन्याच्या दिवशी मात्र तिचा हात थबकला.

"त्या दिवशी तू रक्ताच्या दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या होत्यास," तो शांतपणे म्हणाला. "एका बिचाऱ्याला चार दिवस वाटत राहिलं की आपण मरणार. चूक तूच पकडलीस, तूच निस्तरलीस. मग इस्पितळाच्या मागच्या जिन्यात बसून रडलीस."

हे तिनं जगात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

"तुम्हांला कसं कळलं?"

"मी खालच्याच पायरीवर बसलो होतो ना."

तेव्हा तो दुकानात होता. जिन्यात कुणी नव्हतं. तिला ते लख्ख आठवत होतं.

"इतकी वर्षं एकटीनं कशाला वाहिलंस ते?" असं म्हणत त्यानं तिचा हात हातात घेतला. ती भ्यायला हवी होती. पण तिच्या छातीवरून कुणीतरी धोंडा उचलावा तसं तिला झालं. त्या दिवशी तिनं वहीत काहीच लिहिलं नाही.

पावसाळा सरता सरता कुंडाच्या कडेच्या भेगेतून एक रोप वर आलं. तिनं लावलेलं नव्हतं. राखाडी, लोकरीसारखी पानं. तिला त्याचा कसलाच वास येईना. रोपवाटिकेतल्या माळ्यानं पान उलटसुलट करून पाहिलं. "आपल्याकडचं नाही हे," एवढंच म्हणाला.

चार दिवस तिनं टाळलं. पाचव्या दिवशी एक पान तोडून दिलं.

तो बराच वेळ हुंगत राहिला.

"लेक आली होती," तो म्हणाला. "इथंच बसली होती, तुझ्याशेजारी. म्हणाली, आई, बाबांना जाऊन आज वर्ष झालं."

पाणी पडत होतं. तिनं पंपाच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"आणि मी?"

"तू बरी होतीस. जेवलेली दिसत होतीस. तू हे पान तोडलंस आणि मला दिलंस."

"कुणाला?"

"मला. मी इकडच्या बाजूला होतो. लेकीला काही दिसलो नाही." तो हसला. "तिच्या कडेवरच्या पोरीनं मात्र मला बरोबर पाहिलं. दोनच दात होते तिला."

लेकीला मूल नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरांनीही हात टेकले होते. त्या एका वाक्याचा आधार धरून ती उठली, पंप बंद केला. काहीतरी चुकीचं सांगतायत, सुटले.

दुपारी लेकीचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग हसू, मग हुंदका.

"आई, दुसरा महिना संपला. आत्ताच तपासून आले. बाबांना सांग, त्यांना कळेल तेवढं."

"सांगते, बाळा," ती म्हणाली. "किती चांगलं झालं." आणि ते तिच्या मनापासून आलं होतं.

फोन ठेवल्यावर तिनं सवयीनं हिशेब केला. जन्माला सात महिने. दोन दात यायला पुढं सात-आठ. त्यातून त्या एका वर्षाचे बारा वजा.

दोन. फार तर तीन.

ती ओट्याला धरून उभी राहिली. सावकाश तिच्या मनात आलं, की बहुतेकांना हा आकडा कळतच नाही. आपल्याला कुणीतरी तो हातात दिला. तिनं मनातल्या मनात हात जोडले, कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ती मागे अंगणात गेली. तो बाकावरच होता, हातात पान नाही, पंप बंद. ती भेगेतल्या रोपापाशी वाकली. त्याला मोजकीच पानं होती. ती एकेक पान बोटानं मोजू लागली.

"अगं, मोजत नको बसू," तो मागून म्हणाला. "पुरतात ती."