फ्लेक्सवरचे खांदे

माझे खांदे चोरीला गेलेत, हे मला मंगळवार पेठेच्या चौकात कळलं.

सकाळची वेळ होती. स्कूटर थांबवून मी सहज वर बघितलं, तर भलामोठा फ्लेक्स. त्यावर गुलाबी साडीतली, हात जोडून हसणारी एक बाई. नाव माझं... दानेश्वरी शेटे. चेहराही बराचसा माझा. खाली सोनेरी अक्षरांत 'ऑलिंपियन ताई, आपल्या हक्काची ताई'. पण खांदे? ते कुणा कॉलेजातल्या नाजूक पोरीचे. आणि दंड म्हणजे उदबत्तीच्या काड्या!

ज्या दंडांनी लोखंडी गोळा फेकत मला या पेठेतून थेट ऑलिंपिकपर्यंत नेलं, ते कुणीतरी बसल्या जागी पुसून टाकले होते. माझं डोकंच फिरलं. फ्लेक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव होतं, 'शार्दूल डिजिटल'. दुकान पुढच्याच गल्लीत होतं.

आत शाईचा उग्र वास. एक उंच, किडकिडीत माणूस संगणकात डोकं घालून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोवर सोन्याची चेन चढवत होता.

"माझे दंड कुठं हायत?" मी विचारलं.

त्यानं वर बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग खांद्यांकडे, मग परत चेहऱ्याकडे... आणि तो खुर्चीतून ताडकन उठला.

"मॅडम... म्हणजे तुम्हीच..."

"व्हय, मीच. ओळखायला त्रास होतोय न्हवं? तुमचीच कृपा."

"बसा की."

"बसायचं न्हाय मला. दंड कुठं हायत?"

"त्ये..." त्यानं माऊसकडे असं बघितलं, जणू सगळा दोष त्या बिचाऱ्याचाच. "लेडीजचा फोटो आला की आम्ही दंड बारीक करतोच. हाताला सवय लागलीय. आजवर कुणी तक्रार केली न्हाय बघा."

"आता केली. आणि गालाला काय केलंय?"

"गाल... जरा गोरे केलेत."

"जरा?"

"लई."

खरं बोलला, एवढं मात्र मानलं. "आत्ताच्या आत्ता शिडी लावा आणि उतरवा ते," मी म्हटलं.

"कामगार आला की उतरवतो. मी शिडीवर चढत न्हाय."

"का?"

"उंचीची भीती वाटती मला."

फ्लेक्सवाला, आणि उंचीला भितो! मला हसू फुटलं. रागात हसू आलं की फार पंचाईत होते. मी तशीच पाठ फिरवून बाहेर आले.

आता, एका फ्लेक्सचं एवढं का मनाला लागलं, तेही सांगते. मनगट कुरकुरायला लागलं तसा मी गोळा खाली ठेवला आणि पेठेतल्या मैदानावर मुलींना गोळाफेक शिकवायला लागले. त्याच मैदानावर पार्किंगची इमारत बांधायचं घाटत होतं. मी आमच्या नगरसेवकांकडे, अमरसिंहदादांकडे गेले. ते दात कोरत म्हणाले, "पोरींनी गोळे फेकून काय व्हायचंय?" मी त्यांच्याच विरोधात कोल्हापूर महापालिकेला अपक्ष उभी राहिले.

आणि खांद्यांचं म्हणाल, तर मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोहे खाऊन निरोप धाडला होता... मुलगी चांगली आहे, पण फोटोत मुलापेक्षा रुंद दिसेल. तेव्हापासून आई, म्हणजे आमची अव्वा, माझ्या ब्लाऊजना पूर्ण बाह्या शिवते. म्हणून मला ही निवडणूक जिंकायची होती, आणि माझ्या खांद्यांसकट जिंकायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर धुकं होतं. मुली पळत होत्या. धुक्यातून कानाला मफलर गुंडाळलेला तो फ्लेक्सवाला, शार्दूल, कॅमेरा घेऊन आला.

"नवा फोटो काढतो. खराखुरा," तो म्हणाला. "चूक माझी हाय, छपाई माझ्याकडून." मग त्याची नजर गोळ्यावर गेली. "ह्यो किती जड असतोय?"

"उचला की."

"चार किलोचाच तर दिसतोय..."

"तळहातात न्हाय, बोटांच्या मुळाशी धरा. मानेला टेकवा. हनुवटी वर. कोपर खाली पडतंय..."

मी त्याचं कोपर धरून वर केलं. थंडीत लोखंड बर्फासारखं गार असतं. ते मानेला लागताच तो शहारला — की माझा हात लागला म्हणून? मी लगेच हात काढून घेतला. त्यानं जीव खाऊन गोळा फेकला आणि तो त्याच्याच बुटांपुढे पडला. मुली खो खो हसल्या. तो त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला. स्वतःवर असं मोकळं हसणारा पुरुष मी फार दिवसांनी बघितला.

माझं निवडणूक चिन्ह होतं गॅस सिलिंडर. सोडतीत ते निघालं तेव्हा आमच्या मल्लिकार्जुनकाकांनी कपाळाला हात लावला होता. प्रचार सगळा त्यांच्या हाती, पहिला फ्लेक्सही त्यांनीच छापून घेतला होता. नमुन्यासाठी आणलेला भरलेला सिलिंडर मैदानाच्या कट्ट्यापाशीच उभा होता. मी बाह्या वर सारल्या, वाकले आणि एका दमात तो खांद्यावर घेतला.

कॅमेऱ्याचा आवाजच येईना.

"काढा की फोटो! जड हाय ह्ये."

"हां... हां. विसरलो." तो पुटपुटला. कॅमेरा त्याच्या हातातच होता.

नंतर आम्ही दूध कट्ट्यावर गेलो. म्हशीचं नुकतंच काढलेलं फेसाळ दूध, काठोकाठ भरलेले ग्लास. त्याच्या ओठांवर फेसाची पांढरी मिशी आली. मी सांगितलं नाही, बघत राहिले.

"मॅडम, तुम्ही मटण खात न्हाय?"

"लिंगायताच्या घरात? न्हाय."

"मग ही एवढी ताकद..."

"दूध, शेंगदाणे आणि राग."

"राग बघितला की काल."

"अजून अख्खा कुठं बघितलाय?"

"मग दाखवा की... सवडीनं." असं म्हणून तो ग्लासात बघायला लागला. कान मात्र लाल झाले होते.

"एक विचारू? सगळा वॉर्ड मला ताई म्हणतोय. तुम्ही फ्लेक्सवर छापता ताई, आणि तोंडानं मॅडम. ह्ये काय?"

त्यानं रिकामा ग्लास हातात गोल फिरवला. "सगळ्या वॉर्डाची ताई असा तुम्ही. मला आपलं... मॅडमच बरं हाय."

आता माझे कान तापले.

संध्याकाळी फोटो बघायला दुकानात गेले, तर त्याच्या मानेवर गोळ्याला लावायच्या पावडरीचा पांढरा पट्टा सकाळी होता तसाच.

"मानेला पावडर लागलीय."

"ठावं हाय."

"पुसा की मग."

"असू दे," तो म्हणाला.

नवा फ्लेक्स चौकात लागला. खांद्यावर सिलिंडर, उघडे दंड, कपाळावर घाम. सकाळपासून लोक खाली उभं राहून माना वर करून बघत होते. मलाही वर बघावंसं वाटलं, आणि मी बघितलं. पण अमरसिंहदादांची माणसं गप्प बसणारी नव्हती. माझ्याच फोटोवर विचित्र हसणारा आवाज चढवून त्यांनी एक व्हिडिओ सोडला, 'बाई हाय का पैलवान?' दोन दिवसांत तो घरोघरी पोचला. प्रचाराला गेले की बायका पदराआड हसायच्या. एका गल्लीत तर पोरांनी मला बघून शड्डू ठोकला.

काकांनी मला घरी गाठलं. "दानेश्वरी, ऐक माझं. पहिला फोटोच बरा हुता. चार मतं जास्त पडली तर मैदान वाचंल. खांद्याचं काय घिऊन बसलीस?"

अव्वा कोपऱ्यात बसून गव्हातले खडे निवडत होती. ती वर बघत नव्हती. आणि मी... मी हरले. खरंच सांगते, त्या क्षणी मी मनातून हरले. मैदान वाचणार असेल तर खांदे गेले तरी चालतील, असं मला वाटलं.

भर दुपारी मी शार्दूलच्या दुकानात गेले.

"बारीक करा," मी म्हटलं.

"काय?"

"दंड. पहिल्यासारखे. सगळ्या फ्लेक्सवर."

त्यानं माऊसवरचा हात काढून घेतला. "न्हाय."

"शार्दूल, निवडणूक हाय ही."

"पेठेत फ्लेक्सवाले ढीगभर हायत. कुणाकडंबी जावा. माझ्या हातनं व्हायचं न्हाय ते."

"पहिल्यांदा बरं झालं?"

"पहिल्यांदा तुम्हाला बघितलं नव्हतं मी!"

तो एवढ्या मोठ्यानं बोलला की स्वतःच दचकला. मशीन खरखरत होतं, त्यातून कुणाच्या तरी शुभेच्छा हळूहळू बाहेर येत होत्या.

"तुमचा फोटो उघडून बसतो मी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "रोज. दुसऱ्याचं काम करता करता मधीच उघडतो. नाकं सरळ करायची, पोटं आत घ्यायची, ह्योच धंदा माझा. पर त्या फोटोत कुठं हात लावावा असं कायच न्हाय. मॅडम, मला... मला तुम्ही..."

आणि लाईट गेली.

संगणकाची बॅटरी कोकलायला लागली. मशीन वाचवायला तो आत पळाला. मी रस्त्यावर आले तर डोळे भरून आले होते. ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीतच बाहेर पडले तेव्हाही मी रडले नव्हते. पण माझे खांदे वाचवायला दुसरं कुणी उभं राहील, हे मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी अव्वापुढे ब्लाऊज टाकला.

"अव्वा, बाह्या काप."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "थंडी वाजंल की."

"वाजू दे."

ती उठली आणि कात्री घेऊन आली. आमच्यात एवढंच बोलणं झालं, पण बाह्या तिनं पार खांद्यापर्यंत कापल्या.

शेवटच्या सभेला चौक भरला होता. काका व्यासपीठावर डोकं धरून बसले होते. मी तशाच उघड्या दंडांनी पुढे गेले आणि माईक घेतला.

"अमरसिंहदादा विचारतात, बाई हाय का पैलवान? दोन्ही हाय!" मी सिलिंडर उचलून खांद्यावर घेतला. "मला सांगा, तुमच्या घरात ह्यो सिलिंडर दारातनं चुलीपातुर कोण ओढत आणतंय? दादा आणतात?"

पहिल्या रांगेतून भाजीवाल्या झुंबरबाई ओरडल्या, "मीच की गं बाई! ह्ये तर कॉटवरनं उठत न्हाईत!"

सगळ्या चौकात हशा पिकला. बायका हसत होत्या, पण आता पदर तोंडाला नव्हता.

"मग तुम्ही समद्याच पैलवान. आपल्या पोरींचं मैदान कुणाला न्यायला द्यायचं न्हाय!"

टाळ्यांच्या वर टाळ्या पडत राहिल्या. गर्दीच्या कडेला शार्दूल उभा होता. कॅमेरा खाली लोंबत होता. पुन्हा विसरला होता फोटो काढायला.

मोजणीच्या दिवशी मी पहिल्या फेरीत मागे होते. दुसऱ्या फेरीत बरोबरीला आले. त्यानंतर मात्र मागे वळून बघितलं नाही. निकाल आला आणि बाहेर हलगी कडाडली. गुलालात माणूस ओळखू येईना. विजयी उमेदवाराला खांद्यावर घ्यायची आमच्याकडे रीतच. पेठेतले गडी पुढे सरसावले. जोर लावला, माना ताणल्या, एकाचा फेटा पडला... मी जागची हलले नाही.

"सरका बाजूला," मी हसत म्हटलं.

शार्दूल भिंतीला टेकून लांबच उभा होता. गुलालानं लाल, दात तेवढे पांढरे. मी सरळ चालत गेले, वाकले आणि त्याला उचलून खांद्यावर बसवलं.

"अहो मॅडम... न्हाय... उंची!"

"खाली बघू नका."

"उतरवा की!"

"लाईट गेली तवा काय अर्धं राहिलं हुतं ते आधी बोला."

"हितं? समद्यांसमोर?"

"कोल्हापूर हाय हे. हळू बोललेलं कुणाला कळत न्हाय."

हलगी थांबली. त्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. मग त्यानं एक हात सोडला.

"दानेश्वरी!" तो ओरडला. मॅडम नाही, ताई तर नाहीच नाही. "मला तू आवडतीस! खांद्यांसकट!"

"ऐकू आलं न्हाय!" झुंबरबाईंनी खालून आवाज दिला.

"खांद्यांसकट आवडतीस!" आता त्याचा आवाज पार चौकापलीकडे गेला असेल. अव्वा पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

काका गुलाल झटकत पुढे आले. आधी माझ्याकडे, मग वर बघून म्हणाले, "व्हय गं... ह्योबी निवडून आला म्हणायचा?"

"बिनविरोध," मी म्हटलं.

हलगी परत सुरू झाली. त्याला खाली न उतरवताच मी मैदानाकडे वळले, कारण मुली तिथं गोळा घेऊन माझी वाट बघत होत्या.