अकरावी रेघ

लाल टेबलक्लॉथ. त्यावर पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या.

भाड्याने आणलेलं पिवळंजर्द ड्रिल मशीन.

एक भलामोठा फ्लेक्स : ‘खाणकामगार : काल आणि आज. सुट्टी शिबिर.’

ऐकू न येणाऱ्या एक आजी.

दगडावर एक उभी रेघ.

यांचा एकमेकांशी काय संबंध, हे दुपारी चारपर्यंत श्रुतीला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की गिरजाबाई आजी मघापासून फ्लेक्सकडेच बघतायत. वाचता तर येत नाही त्यांना!

शिरवणे गावामागची ही दगडखाण पंचवीस वर्षं बंद होती. शिबिराच्या नंदकुमार सरांनी शेवटचा कार्यक्रम इथे ठेवला होता. आधी आजींनी सुतकी-छिन्नीने दगड फोडायचा, तो ‘काल’. मग पाच वाजता मशीनने समोरच्या कड्यात भोक पाडायचं, ते ‘आज’. मशीनवाल्याच्या कानात बोळे होते. आजींच्या वेळी तेही नव्हते. बालवाडीची पोरं अगदी पुढे बसवली होती.

“ज्ञानेश्वरी, तुझी आजी त्या फ्लेक्सकडे अशी का बघतेय?” श्रुतीने शिबिरातल्या मैत्रिणीला विचारलं.

“सकाळपासून ‘काढा ते फडकं’ म्हणतेय. सर म्हणतात, मागचा खडक फोटोत घाण दिसतो.”

“हा माणूस कायतरी लपवतोय!” साताऱ्याहून आलेला श्रुतीचा मावसभाऊ शिवतेज कुजबुजला. “चल, मागं शिरू!”

फ्लेक्समागे, खडकावर छिन्नीने कोरलेल्या रेघा होत्या. उभ्या अकरा. त्यातल्या दहा आडव्या रेघेने छेदलेल्या.

“क्रिकेटचा स्कोअर!”

“गप रे!” श्रुतीने फोटो काढला आणि आजींपुढे धरला.

आजींनी फोटोतल्या रेघांवर बोट टेकवलं. “ज्ञाने, ही तुझ्या आज्याची खूण. सुरुंगाच्या जेवढ्या वाती पेटवायच्या, तेवढ्या उभ्या रेघा. मग ह्याच खडकाआड बसायचं. एक बार उडाला की एक आडवी. एक जरी ऱ्हायली, तर कड्याला हात लावायचा न्हाई.”

म्हणजे एक सुरुंग अजून कड्यात होता! श्रुतीने घड्याळ बघितलं. चार बेचाळीस. तिने सरांना गाठून सगळं सांगितलं.

“अगं, पंचवीस पावसाळ्यांत वाहून गेला असेल!” सर हसले. “मशीन तासावर आणलंय. बसा जागेवर.”

सर काही लपवत नव्हते. त्यांनी खडक नीट बघितलाच नव्हता. श्रुतीला त्याचीच जास्त भीती वाटली.

ती आजींकडे धावली. पूर्वी माणसांना लांब कसं पिटाळायचे, हे तिने खुणेनेच विचारलं. आजींनी लाल टेबलक्लॉथकडे बोट दाखवलं आणि तोंडाला हात लावले.

मशीन घरघरलं. शिवतेजने टेबलक्लॉथ खेचला, बाटल्या धडाधड गडगडल्या! तो खडकावर चढून कापड फडकवू लागला. ज्ञानेश्वरीने बेंबीच्या देठापासून हाळी दिली, “बाऽऽर हाय! बाऽऽर!”

खाणीत राबलेली, ज्ञानेश्वरीच्या वस्तीतली माणसं एका शब्दानेही न विचारता उठली. हाताला लागेल ते पोर उचललं आणि खडकाआड! त्यांना बघून श्रुतीच्या सोसायटीतले आईबाबा धावले. मशीनवाला तर चप्पल टाकून पळाला!

“माझा कार्यक्रम!” मोकळ्या खाणीत एकटे सर ओरडत राहिले.

पोलिसांचं पथक आलं. मशीनसाठी आखलेल्या खडूच्या खुणेपासून वीतभर अंतरावर, मातीने बुजलेल्या भोकात सुरुंगाची कांडी होती.

“जुनी कांडी जास्त बिथरते,” इन्स्पेक्टर उज्वला मॅडम म्हणाल्या. “शाब्बास पोरांनो! पण हे मोजून ठेवलं कोणी?”

“माझ्या आजोबांनी,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “हिरामण त्यांचं नाव.”

सरांनी आजींपुढे हात जोडले. “चुकलं माझं.”

“काय म्हणतोय ह्यो?” आजींनी विचारलं, आणि सगळे हसले.

सगळ्यांना लांब नेऊन पथकाने कांडी उडवली. आजींना तो आवाज तळपायातून कळला. परतल्यावर त्यांनी ज्ञानेश्वरीच्या हातात छिन्नी दिली. अकराव्या रेघेवर आडवी रेघ पडली.

हिरामण कधी शाळेत गेले नव्हते. त्यांना वीसपर्यंतच मोजता यायचं.