आठ स्क्रू

ऐक ना. मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक.

खरं आहे हे. काल भर दुपारी घडलंय, माझ्या चुलतबहिणीसोबत.

ताई आणि काका फर्निचर बसवायचं काम करतात. बापलेक. ड्रिल ताईच्या हातात, तोंड काकांचं. "अगं, ड्रिलचा हॅमर मोड भिंतीला, लाकडाला नाही! प्लायला जोराची रिंग कमीवर!" दिवसभर हेच. आणि कुठल्याही फळीला ड्रिल लावायच्या आधी काका बोटाच्या पेराने दोनदा वाजवणार. टक टक. कान लावून ऐकणार. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात.

काल एका रिकाम्या घरात जिन्याखालची पोकळी प्लायने बंद करायची होती. पोकळी चांगली खोल, आत अंधार. काका आत वाकून भिंतीला लाकडी पट्ट्या धरत होते. ताईने हॅमरवर भोकं पाडली, प्लग ठोकले, पट्ट्या घट्ट कसल्या.

मग ती फळी मोजायला वळली.

"स्क्रू कमी पडतील, घेऊन येतो," पाठीमागून काका म्हणाले.

"हं."

तिने वळून बघितलं नाही.

फळी लावली. पण भिंतीवरून थेट प्लायवर आली ना, हॅमर काढला आणि रिंग फिरवायलाच विसरली. ड्रिल पूर्ण जोरावर! आठही स्क्रू कर्रर्र करत घुसले आणि डोक्यातल्या खाचा पार गुळगुळीत.

'आता बाबा सोलणार मला,' तिने जीभ चावली.

तेवढ्यात...

टक. टक.

आतून.

"बाळा, मी आतच आहे गं. उघड."

ताईने ड्रिल उलटं फिरवलं, बिट नुसतं गरगरतंय. साधा स्क्रूड्रायव्हर घेतला, अंगाचा सगळा भार टाकला... सटकला. तळहात फाटला.

"बाबा, थांबा, काढते! काढते!"

आत धाप लागल्यासारखा श्वास...

"कोणाशी बोलतेयस गं?"

दारात काका. हातात स्क्रूची पुडी.

आतला श्वास थांबला.

मग अगदी हळू...

"तो मी नाही."

ताईने काकांना फोन लावला. फोन वाजला... फळीमागे.

"आतच राहिला वाटतं," दारातले काका हसले.

वाजणं थांबलं.

आतून कोणीतरी फोन उचलला होता.

"बाळा," तिच्या कानात आवाज आला, "रिंग कमीवर ठेवायची होती ना गं."

दारातल्या काकांनी ड्रिलची बॅटरी काढून खिशात टाकली. तिचं मनगट धरलं. हात थंडगार वगैरे नव्हता हं. नेहमीसारखाच खरखरीत, उबदार. म्हणून तर ती त्यांच्यासोबत बाहेर पडली! त्या घराला कुलूपही त्यांनीच लावलं.

आज सकाळी घरी कपाटाची बिजागरी निघाली. काकांनी ड्रिल उचललं.

वाजवून बघितलं नाही.

लाकडाला हॅमर लावला. फळी उभी फुटली.

"होतं असं," म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

ताईने काकूला सांगितलं तर ती म्हणते, वय झालं त्यांचं, तू डोकं नको खाऊस.

त्या घराची चावी अजून त्यांच्याच खिशात आहे. ताई चोरून फोन लावतेय. रात्रभर कोणीतरी उचलत होतं. बोलत नव्हतं, नुसता श्वास...

सकाळपासून उचलत नाहीये.

आत्ता ती खाली गाडीपाशी उभी आहे. पहार आणलीय. मला चल म्हणतेय. आणि मला विचारते, "फळी काढल्यावर आत बाबा दिसले, तर घरी कोण बसलंय रे? आणि नाही दिसले, तर...?"



तू सांग ना. तू काय केलं असतंस?