लवंगेच्या बाजूने

घरी तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. स्लाइडची पेटी घेऊन ती प्रयोगशाळेत शिरताना दारातच नव्या डॉक्टरांवर आदळली, तेव्हाही 'सॉरी' म्हणायच्या आधी तिने विचारलं, "माझ्या उंदरांची लिव्हर तुम्हीच तपासणार ना?"

"म्हणजे एवढ्यासाठी धडकलात होय?" तो हसला... आणि हसताना बरा दिसत होता मेला!

तिचं दोन वर्षांचं काम त्या पेटीत होतं. यकृत नासवणारं रसायन सगळ्या उंदरांना दिलेलं. निम्म्यांना त्याआधी लवंगेतला अर्क. लवंगेने यकृत वाचवलं की नाही, ते त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं. कुठली स्लाइड कुठल्या उंदराची, हे मात्र त्याला कळता कामा नये. म्हणून वर नुसते आकडे.

ती रोज डोकावायची.

"कसं दिसतंय?"

"बाहेर थांबा. तुमचा चेहरा पेपर फोडतो."

"निदान 'हं' तरी म्हणा!"

"हं."

तेवढं 'हं' तिला दिवसभर पुरायचं. हळूहळू चहा एकत्र होऊ लागला. बोलताना तो चष्मा पुसायचा, आणि स्वच्छ झाला तरी पुसतच राहायचा. तिला भारी मौज वाटे.

आणि एका दुपारी पेटी तिच्या टेबलावर परत! 'दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या' अशी चिठ्ठी. तिच्या तोंडचं पाणी पळालं. प्रबंधाची तारीख डोक्यावर आलेली. तिने त्याला जिन्यात गाठलं.

"काय झालं? लवंग नापास झाली?"

"माहीत नाही. काल एका स्लाइडमध्ये पेशी मेलेल्या दिसल्या आणि मी मनात म्हणालो, ही लवंगेची नसू दे. मग पुन्हा बघितलं... पुन्हा... जरा बरी दिसायला लागली. असले डोळे काय कामाचे? मी लवंगेच्या बाजूचा झालोय. म्हणजे... लवंगेच्या नाही—"

तिचे कान तापले. रागही होता, पण तो बिचारा मागे पडला. हा माणूस आपल्यासाठीसुद्धा खोटं लिहिणार नाही, याचंच तिला फार प्रेम वाटलं.

"प्रबंध लांबणार."

"हो."

"माझ्या गाईडबाई मला फाडून खातील. विचारतील, डॉक्टरांनी काम का सोडलं? काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"एकटी?" ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून बाईंच्या खोलीकडे निघाली.