पानात उरलेलं

पांढऱ्या लादीवर रक्ताचा एक ठिपका होता. मोहरीच्या दाण्याएवढा, कडांनी सुकत आलेला, मधे अजून ओला. त्याच्यापासून एका पावलावर दुसरा, पुढे तिसरा... ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत आणि तिथून परत ओट्यापर्यंत.

वनमालाच्या मनात पहिला विचार आला तो नवऱ्याच्या पायाचा. गणपती कालच गेले होते. घाटकोपरहून आलेली तिची धाकटी नणंद शकु सकाळपासून मखराचे पडदे उतरवत होती आणि पडद्यांना लावलेल्या बोर्डपिना घरभर सांडल्या होत्या. एखादी दत्तारामांच्या तळव्यात गेली असेल तर? त्यांना मधुमेह होऊन वर्षं झाली होती. मागे एकदा अंगठ्याची साधी जखम चिघळत गेली आणि पाय थोडक्यात वाचला. तेव्हापासून रोज त्यांचे दोन्ही तळवे बॅटरीच्या उजेडात तपासायचे, हे वनमालाने देवपूजेसारखं अंगवळणी पाडून घेतलं होतं.

"अहो, पाय वर घ्या."

दत्ताराम जेवून टेबलाशीच बसले होते. त्यांनी निमूटपणे पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. वनमाला खाली बसली. बसताना तिला टेबलाचा कोपरा धरावा लागला. हल्ली ती फार थकायची. ते थकणं झोपून उठलं तरी जात नसे, तहान तर रात्रीसुद्धा पाठ सोडत नसे, आणि चष्म्याचा नंबर पुन्हा बदललेला असावा. गौरी-गणपतीची दगदग, वय... अशी कारणं तिने प्रत्येक गोष्टीला देऊन टाकली होती. पायांना मधे खूप मुंग्या येत, रात्र रात्र आग होई. तेही आपोआप थांबलं, तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं!

तिने एकेक बोट बाजूला करून पाहिलं. टाचा पाहिल्या. कुठे काही नव्हतं.

"बघ गो वयनी," पडद्याची घडी घालता घालता शकु म्हणाली, "भावाचे माज्या पाय धरतंस आणि पानातलो मोदकय धरतंस. त्याका उपाशी ठेवतंस, नि आपण खातंस!"

दत्ताराम हसले. "मला कारल्याचा रस आणि मॅडमना मोदक. आमच्या घरचा कायदाच आहे तो."

वनमालाही हसली. हा विनोद इतक्या लग्नांत, इतक्या बारशांत झाला होता, की त्यावर हसणं हेही तिच्या घरकामातलंच एक काम झालं होतं. त्याची सुरुवात मात्र कोणालाच आठवत नव्हती... तिच्याशिवाय.

डॉक्टरांनी गोड बंद केलं, त्या वर्षीच्या गणपतीत तिने दत्तारामांच्या पानातला मोदक पहिल्यांदा काढून घेतला होता. एवढा मोठा माणूस, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं त्यांच्या. अर्धा त्यांनी खाल्लेला, अर्धा तिच्या हातात. ती कचऱ्याच्या डब्याकडे वळली, तर ते व्याकूळ होऊन म्हणाले होते, "टाकू नकोस गं, देवाचं आहे." सासूबाई तेव्हा होत्या. देवाचं आणि नवऱ्याच्या पानातलं बाईने टाकायचं नसतं, ही त्यांची शिकवण लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनची. वनमालाने तो अर्धा मोदक स्वतःच्या तोंडात टाकला. प्रश्न मिटला.

मग तो तसाच मिटत राहिला. सत्यनारायणाचा शिरा, पाहुण्यांसाठी केलेला आणि पातेल्यात उरलेला गोड चहा, शेजारच्यांचे पेढे, शकुने आणलेले लाडूंचे डबे. घरात राहिलं तर ते चोरून खातील, आणि टाकायचं तर नसतंच... मग राहिली कोण? पुष्कळदा घास तोंडाशी नेताना एक वाक्य तिच्या ओठांवर यायचं. पण आलेल्या माणसांसमोर कशाला, सणासुदीला कशाला, असं म्हणून ती ते घासाबरोबर गिळून टाकायची. दत्तारामांची तीन महिन्यांची साखर आटोक्यात आली की डॉक्टर त्यांची पाठ थोपटत. रक्त घ्यायला येणारी मुलगी वनमालाला विचारायची, "काकू, तुमचंही बघायचं का?" आणि ती म्हणायची, "पुढच्या वेळी."

ती उठली. लादीवरचे ठिपके तिने ओल्या फडक्याने पुसून टाकले. दत्तारामांच्या ताटात तळणीचा अर्धा मोदक उरला होता. तो तिने स्वतःच्या ताटात घेतला, ताटावर ताट ठेवलं आणि ओट्याकडे निघाली.

टक्. टक्. टक्.

दत्तारामांनी मान वर केली. लादीवर नखाने टिचकी मारावी तसा तो बारीक आवाज तिच्या चालण्याबरोबर येत होता, एक पाऊल सोडून एक. नुकत्याच पुसलेल्या लादीवर, तिच्यामागे, पुन्हा एक ठिपका उमटला होता.

"वनमाला, थांब."

"काय झालं? पाणी हवंय?"

"थांब तिथेच. डावा पाय उचल."

तिने हातातली ताटं ओट्यावर सरकवली आणि भिंतीला धरून पाय उचलला. भेगाळलेल्या टाचेत, अगदी मधोमध, बोर्डपिनेचं पितळी डोकं रुतून बसलं होतं. सकाळपासून चालून चालून ते लादीवर घासलं गेलं होतं आणि चकाकत होतं.

"अगं बाई," शकुच्या हातातला पडदा गळला. "दुखूक नाय तुका?"

वनमाला वाकून आपल्याच टाचेकडे बघत राहिली. एखाद्या परक्या बाईचा पाय असावा तशी.

"नाही," ती हळूच म्हणाली. "काहीच कळलं नाही मला."

दत्तारामांनी तिला खुर्चीत बसवलं. मग ते गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि तिचा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. ती संकोचून पाय मागे घेऊ लागली. या घरात असं कधी घडलं नव्हतं. पिन उपसून निघाली तेव्हा वनमालाच्या चेहऱ्यावर एक सुरकुतीसुद्धा हलली नाही, आणि त्या न हललेल्या चेहऱ्याकडे दत्ताराम पिन हातात धरून बघत राहिले. ही बधिरता त्यांच्या ओळखीची होती. जखम होऊनही न कळणं म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

सून श्रुतिका आतून धावत आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, फार बोलायची नाही. तिने जखम धुतली, औषध लावलं, संध्याकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल म्हणाली. मग सासऱ्यांचं साखर तपासायचं यंत्र आणलं.

"आई, बोट द्या."

वनमालाने हात पदराखाली घेतला. दत्तारामांच्या बोटाला रोज सुई टोचणारी ती, आज लहान मुलीसारखी म्हणाली, "आत्ताच जेवलेय गं. पुढच्या वेळी बघू."

"आई... बोट."

बोटाला मात्र सुई कळली. ती कळवळली, आणि त्या कळवळण्याने श्रुतिकाला थोडा धीर आला. यंत्राने आकडा दाखवला. तो तीनशेच्या वर होता. जेवणानंतरचा असला तरी फार होता.

मग शकुने चाचरत विचारलं, की हे गोड खाल्ल्याने झालं का. श्रुतिका म्हणाली की एकट्या गोडाने होतं असं म्हणता येत नाही, आईंच्या आईलाही मधुमेह होता, वजन वाढलंय, इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर त्या डॉक्टरकडे जात होत्या त्यांच्याच शेजारी बसून स्वतःची तपासणी राहून गेली. "पण आत्या, शरीराला एवढी साखर रोज वरून मिळत राहिली, तर ते तरी किती दिवस निस्तरणार? आणि ती मिळत होती. बाबांच्या वाटची सगळी."

बाबांच्या वाटची... दत्ताराम लादीवर तसेच बसून होते. त्यांच्या डोळ्यांसमोर इतक्या वर्षांची पानं आली. त्यांच्या हातून सुटलेला प्रत्येक घास कुठे गेला, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्याचा विनोद केला होता. चारचौघांत तिला खादाड ठरवून स्वतःवरचा अन्याय त्यांनी किती रंगवून सांगितला होता!

"मला वाटायचं तुला आवडतं," ते म्हणाले. "एकदा तरी बोलायचं होतंस गं."

"काय बोलणार?" वनमालाच्या स्वरात राग नव्हता, नुसता शीण होता. "मला गोड कधी आवडलं? माहेरी मला सगळे तिखटी म्हणायचे. तुमच्या पानातलं टाकायचं नाही, एवढंच मला सांगितलं होतं."

शकु तोंडाला पदर लावून उभी होती. "वयनी," ती म्हणाली, "मी डब्यार डबे आणत रवलंय गो." ती येऊन वनमालाच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला.

ओट्यावर ताट तसंच होतं. त्यात तो अर्धा मोदक. दत्ताराम भिंतीचा आधार घेत उठले, ओट्यापाशी गेले आणि त्यांनी तो उचलला.

"आजपासून तुझ्या वाटचं मी संपवीन," ते म्हणाले. डोळे वाहत होते, आणि मोदक खरोखरच तोंडाशी गेला होता. त्या वेड्या, उशिरा आलेल्या मायेला आयुष्यभर एवढाच एक मार्ग माहीत होता.

वनमाला उठली. बांधलेल्या टाचेवर भार न देता, शकुच्या हाताला धरून ती त्यांच्यापर्यंत गेली. तिने त्यांचं मनगट धरलं. पूर्वी धरायची तसंच. मोदक काढून घेतला, आणि सवयीने तिचा हात स्वतःच्या तोंडाकडे वळला... तिथेच थांबला. रिकाम्या पाटावर गणपतीच्या जागी थोड्या अक्षता पडल्या होत्या.

तिने मोदक ताटात परत ठेवला.

"तुम्ही नाही खायचा," ती म्हणाली. "आणि मीही नाही खाणार."

शकु काही बोलायला गेली, तेव्हा वनमालाने मान हलवली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"उरलं तर उरू दे, वन्सं. आजपासून या घरातलं उरलेलं मी संपवणार नाही."