धुरातला लुकलुकता ठिपका

आईचं ग्लायडर कातळसड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर, कोसळून चाळीस मिनिटं झाली होती. रेडिओवर नुसती खरखर येत होती.

सड्यावर वणवा पेटला होता. शोधायला पाठवलेल्या ड्रोनचा कॅमेरा अवरक्त प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा प्रकाश) टिपत होता, म्हणून त्याला धुराच्या आरपार दिसत होतं. पण एप्रिलच्या उन्हात कातळ काय, पंख काय, सगळं सारखंच तापलेलं! पडद्यावर नुसता पांढरा चट्टा.

"आबा, करा ना काहीतरी!" दहा वर्षांची वल्लरी प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होती.

तिच्या आजोबांनी, डॉ. विसपुतेंनी, कपाटातून नखाएवढी काळी चकती काढली. "हा माझा नवा स्फटिक. अजून तपासलेला नाही. तडकला, तर दुसरा वाढवायला दोन वर्षं जातील."

"पण हा करतो काय?"

"प्रकाश ही लाट असते. खडबडीत कातळातून निघालेल्या लाटा वाटेल त्या दिशेनं डोलतात. गुळगुळीत पंखावरून तिरक्या निघालेल्या बऱ्याचशा लाटा मात्र एकाच दिशेनं. तो ध्रुवित प्रकाश. कॅमेऱ्याला हा फरक कळत नाही. म्हणून मी संगणकावर हजारो रचना तपासून असा स्फटिक घडवला, ज्यात अणू एकाच दिशेच्या साखळ्यांत ओवलेत. साखळीच्या दिशेनं डोलणारा प्रकाश हळू जातो, आडवा डोलणारा भरभर. त्यामुळे एका किरणाचे दोन होतात, प्रत्येकाची डोलायची दिशा वेगळी. त्यातला एकच कॅमेऱ्यात सोडायचा."

"मग चकती फिरवली की कातळ तसाच दिसेल, पंख मात्र उजळेल नि मंदावेल?"

"अगदी बरोबर!"

आबांनी दुसरा ड्रोन टेबलावर आणला. वल्लरीनं चकती त्याच्या कॅमेऱ्यापुढच्या फिरत्या कड्यात बसवली. ड्रोन सड्यावर पोचला. चकती फिरली. काहीच नाही. पुन्हा फिरली. तोच पांढरा चट्टा.

"चुकलं माझं," आबा म्हणाले.

वल्लरीला रडू येत होतं, तरी ती पडद्याकडे बघतच राहिली. एकदम ती ओरडली, "आबा, तुम्ही 'तिरक्या' म्हणालात! ड्रोन तर बरोबर डोक्यावर आहे!"

आबांनी ड्रोन खाली उतरवून लांबून, कडेनं वळवला. चकती फिरली, आणि डाव्या कोपऱ्यात एक ठिपका उजळला. मंदावला. पुन्हा उजळला.

आबांनी ठिकाण कळवताच बचाव पथक वीस मिनिटांत तिथं पोचलं. पाय मोडला होता, पण आई शुद्धीवर होती. "वल्लू, मी ठीक आहे गं," पथकाच्या रेडिओवरून तिचा आवाज आला, तेव्हा कुठे वल्लरी खुर्चीत टेकली.

जरा वेळानं तिनं आबांची वही ओढली. "या साखळ्या विजेनं वळवता आल्या, तर चकती फिरवत बसायलाच नको. करून बघायचं?"

आबांनी पेन्सिल तिच्या हातात दिली.